पाच वर्षांचा सलग गणिताभ्यास : एक आढावा

गणितात बी.एस्सी. आणि एम.एस्सी. या दोन पदव्या एकामागून एक, दोन निरनिराळे प्रवेश घेऊन आणि बहुधा दोन निरनिराळ्या गावी राहून मिळवाव्यात, की बारावीनंतर एकदाच प्रवेश घेऊन पाच वर्षांच्या अखंड अभ्यासाअखेर दोन्ही एकदम पदरात पाडून घ्याव्यात, हा प्रश्न महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे गेल्या वीस वर्षांत ज्या निकडीने उभा राहिला आहे तसा तो त्यापूर्वी कधी राहिला नव्हता. २००६ साली पुण्यास भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था, म्हणजे आता सर्वांच्या तोंडी रुळलेली ‘आयसर’, स्थापन झाली. पुढच्याच वर्षी मुंबई विद्यापीठ आणि अणुऊर्जा विभाग यांनी मिळून कालिन्याच्या आवारात मूलभूत विज्ञानांचे केंद्र उघडले. आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर पदवीच्या वर्षांची सारी मांडणीच बदलून हा विषय जिल्ह्याच्या महाविद्यालयापर्यंत नेऊन पोहोचवला. तरीही या विषयाची चर्चा ‘वर्षे किती वाचतात’ आणि ‘शिष्यवृत्ती किती मिळते’ या दोन मुद्द्यांपलीकडे सहसा जात नाही. त्यांपैकी पहिला मुद्दा आपल्याकडे मुळातच फोल आहे, कारण तीन आणि दोन मिळून पाचच होतात. दुसऱ्याविषयी इतकेच सांगणे पुरे की केंद्र सरकारची वर्षाला ८० हजार रुपयांची ‘इन्स्पायर’ शिष्यवृत्ती साध्या बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यालाही मिळू शकते, तिच्यासाठी पाच वर्षांचा करार करण्याची गरज नाही. खरा प्रश्न निराळा आहे. दोन पदव्यांच्या मधला सांधा काढून टाकल्याने गणिताच्या अध्यापनाचे काय होते, आणि त्या सांध्यातून आजवर जे आत येत होते त्यांचे काय होते, हा तो प्रश्न होय.

गणिताची गोष्ट इतर शास्त्रांहून या बाबतीत वेगळी आहे. रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याला एखादे प्रकरण वर्षभर मागे-पुढे झाल्याने फारसे बिघडत नाही. गणितात मात्र सीमा आणि सातत्य यांच्या काटेकोर व्याख्या अंगवळणी पडल्याखेरीज मेट्रिक अवकाशाला अर्थ नाही, मेट्रिक अवकाशाखेरीज संस्थितीशास्त्र म्हणजे नुसती संज्ञांची जंत्री, आणि ही दोन्ही पक्की नसतील तर मापनसिद्धांत आणि फलीय विश्लेषण हे विषय पाठांतराच्या बळावर पार पाडण्यापलीकडे गती राहत नाही. आपल्या विद्यापीठांतील विभक्त रचनेत होते ते असे. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्याला पहिली दोन वर्षे गणिताबरोबर आणखी दोन-तीन विषय सांभाळावे लागतात, आणि गट, वलय, वास्तव विश्लेषण यांची गाठ कुठे तिसऱ्या वर्षी पडते. मग तो एम.एस्सी.ला येतो, आणि तेथील अध्यापकापुढे दहा महाविद्यालयांतून आलेली, दहा प्रकारची तयारी असलेली मुले बसलेली असल्यामुळे त्या बिचाऱ्याला पुन्हा एप्सिलॉन आणि डेल्टापासून, पुन्हा लाग्रांजच्या प्रमेयापासून आरंभ करावा लागतो. चार सत्रांच्या एम.एस्सी.तील पहिले सत्र अशा रीतीने उजळणीत जाते, शेवटचे सत्र नेट-सेटच्या तयारीत जाते, आणि गाल्वाचा सिद्धांत, क्रमनिरपेक्ष बीजगणित, अवकल भूमिती यांच्या वाट्याला मधली काय ती घाईची दोन सत्रे उरतात. सलग अभ्यासक्रमाची खरी शक्ती येथे आहे : ज्याने पहिल्या वर्षी शिकवले त्यालाच चौथ्या वर्षी काय लागणार आहे हे ठाऊक असते, आणि म्हणून विषय आपल्या स्वाभाविक क्रमाने, मध्ये कोणाची ओळखपरेड न घेता, पुढे नेता येतो.

येथे एक गोष्ट मात्र नमूद केली पाहिजे. वास्तव विश्लेषण ज्याने एकदाच वाचले त्याला ते समजले, असे मानण्यास मी तयार नाही. दुसऱ्या वाचनातच प्रमेयांमागचे प्रयोजन डोळ्यांपुढे येते, आणि विभक्त रचनेतील उजळणी अगदीच वाया जाते असे म्हणणे त्यामुळे अन्यायाचे होईल. परंतु ही दुसरी आवृत्ती विद्यार्थ्याने आपल्या हौसेने करावयाची असते. वेळापत्रकाने ती सर्वांवर लादली म्हणजे हुशार विद्यार्थी कंटाळतो आणि कच्चा विद्यार्थी पहिल्याच जागी पुन्हा अडखळतो.

या प्रश्नाचा इतिहास आपल्या लोकांना परका नाही. रँग्लर ही उपाधी नावामागे लावण्याची रीत महाराष्ट्राने जितक्या कौतुकाने पाळली तितकी खुद्द इंग्लंडातही कोणी पाळली नसेल. १८९९ साली केंब्रिजच्या ट्रायपॉस परीक्षेत रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे सीनियर रँग्लर झाले, त्या मानाच्या जागी येणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. परंतु ते तेथे गेले ते मुंबई विद्यापीठाची पदवी अगोदरच पदरी असताना, आणि तेथे बसले ते पुन्हा पदवीच्याच परीक्षेला. हा प्रकार त्यांच्यापुरता नव्हता. जयंत नारळीकर १९५७ साली बनारस हिंदू विश्वविद्यालयाचे बी.एस्सी. झाले आणि केंब्रिजला जाऊन त्यांनीही पुन्हा ट्रायपॉसच दिली. म्हणजे साठ वर्षांच्या अंतराने दोन मराठी गणितज्ञ एकच पायरी दोनदा चढले, आणि त्याचे कारण इतकेच की इकडच्या पदवीने जेथे आणून सोडले तेथून तिकडच्या पदव्युत्तर अभ्यासाला सरळ वाट नव्हती. गुणानुक्रमे नावे जाहीर करण्याची केंब्रिजची प्रथा १९०९ नंतर बंद झाली; प्रगत अभ्यासाचा जो भाग आज ‘पार्ट थ्री’ म्हणून जगभर ओळखला जातो त्याला ते नाव १९३४ मध्ये मिळाले. गंमत अशी की हा चौथ्या वर्षाचा अभ्यास इतका कठीण असूनही कित्येक दशके त्यापोटी पदवी म्हणून काही मिळत नसे, केवळ एक प्रमाणपत्र हाती पडे. उलट केंब्रिजची एम.ए. ही पदवी काही वर्षे लोटल्यावर परीक्षेवाचून आपोआप मिळत असे व अजूनही मिळते. ज्याने अभ्यास केला त्याला पदवी नाही आणि ज्याने वाट पाहिली त्याला आहे, ही इंग्रजी दफ्तराची तऱ्हा २०११ पर्यंत चालली. त्या वर्षापासून पार्ट थ्री उत्तीर्ण होणाऱ्या केंब्रिजच्या विद्यार्थ्याला बी.ए.बरोबर एम.मॅथ. ही पदवी मिळू लागली.

इंग्लंडातील इतर विद्यापीठे या रस्त्याला त्याच्या पुष्कळ अगोदर लागली होती. ऑक्सफर्डचे गणितज्ञ पीटर नॉयमन यांच्या अध्यक्षतेखालील मंडळींनी १९९२ साली एक अहवाल सिद्ध केला आणि त्यात चार वर्षांच्या अखंड पदवीची शिफारस केली. तीमागील विचार सरळ होता. शाळेतून येणाऱ्या मुलांची गणिताची तयारी पूर्वीइतकी राहिली नव्हती, आणि तेवढ्याच तीन वर्षांत जुना अभ्यासक्रम कोंबण्याचा हट्ट धरला तर बहुसंख्य विद्यार्थी बुडत होते. तेव्हा बहुसंख्यांसाठी तीन वर्षांची निवांत पदवी ठेवावी, आणि ज्यांना गणितातच पुढे जायचे आहे त्यांना चौथे वर्ष जोडून द्यावे. या योजनेचा सर्वांत शहाणपणाचा भाग म्हणजे निर्णयाची मुदत. तीन वर्षांचा विद्यार्थी आणि चार वर्षांचा विद्यार्थी एकाच वर्गात बसतात, आणि कोण कोणत्या रांगेत जाणार हे बहुतेक ठिकाणी दुसऱ्या वर्षाचा निकाल हाती आल्यावर ठरते. सरकारी विद्यार्थी-कर्जही चौथ्या वर्षाला पदवीच्याच अटींवर मिळते, त्यामुळे पैशासाठी निराळा अर्ज करावा लागत नाही. ही तजवीज नसती तर योजना कागदावरच राहिली असती, असे मला वाटते.

जर्मनीची कथा नेमकी उलट आहे. तेथे गणिताची ‘डिप्लोम’ ही पदवी जन्मापासूनच अखंड होती : सुमारे दोन वर्षांनी एक मधली परीक्षा, तिला बाजारात किंमत शून्य, आणि मग प्रबंधासह अंतिम पदवी. १९९९ साली बोलोन्या येथे युरोपातील शिक्षणमंत्र्यांनी जो जाहीरनामा काढला त्याच्या अनुरोधाने या अखंड पदवीचे तीन आणि दोन वर्षे असे तुकडे करण्यात आले, हेतू हा की विद्यार्थ्याला एका देशात पहिली आणि दुसऱ्या देशात दुसरी पदवी घेता यावी. अनेक जर्मन प्राध्यापकांना हे रुचले नाही. आपल्याकडे आयसरच्या रूपाने दोन पदव्या जोडण्याचे काम चालू होते त्याच दशकात तिकडे एक पदवी तोडण्याचे काम चालू होते, ही गोष्ट ध्यानी घेतली म्हणजे कोणतीही एक रचना सर्वकाळ श्रेष्ठ असल्याचा दावा करणाऱ्यांनी आवाज थोडा खाली आणावा हे बरे.

अमेरिकेविषयी थोडक्यात लिहितो, कारण तेथील व्यवहार आपल्याला अनुकरणीय नाही. शिकागो, येल, पेनसिल्व्हेनिया अशा विद्यापीठांत गणितात विशेष गती असलेला विद्यार्थी चार वर्षांतच बी.ए. किंवा बी.एस. आणि त्याच्या जोडीला एम.ए. किंवा एम.एस. मिळवू शकतो, त्यासाठी तो तिसऱ्या-चौथ्या वर्षी पदव्युत्तर वर्गांत बसतो. वर्ष खरोखर वाचते ते येथेच. पण ज्या देशात पीएच.डी.चा प्रवेश पहिल्या पदवीवरूनच होतो तेथे या मास्टर्स पदवीचे वजन बेताचेच असते, आणि ज्याला संशोधनात जायचे आहे तो तिला हौसेचा ऐवज मानतो. आपले श्रीराम अभ्यंकर १९५१ साली मुंबईच्या रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून बी.एस्सी. होऊन हार्वर्डला गेले, पुढच्याच वर्षी त्यांनी तेथील मास्टर्स पदवी घेतली आणि १९५५ साली झारिस्कींच्या हाताखाली पीएच.डी. पुरी केली, त्यांच्या बीजभूमितीच्या कीर्तीत त्या मधल्या पदवीचा उल्लेख कोणी करत नाही.

आता भारताकडे वळू. पाच वर्षांची अखंड एम.एस्सी. ही कल्पना आयसरने आणली असा समज आहे तो बरोबर नाही. खरगपूर आणि कानपूर येथील आय.आय.टी.मध्ये अभियांत्रिकीच्याच प्रवेशपरीक्षेतून गणिताच्या पाच वर्षांच्या एम.एस्सी.ला विद्यार्थी घेतले जात. तेथे येणाऱ्या प्रत्येकाला गणितच हवे होते असे म्हणणे धाडसाचे होईल, पुष्कळांना आय.आय.टी. हवी होती आणि गुणानुक्रमाने गणित वाट्याला आले. पिलानीच्या बिर्ला संस्थेत तर याहून मजेची व्यवस्था आहे : विद्यार्थी गणिताच्या एम.एस्सी.ला दाखल होतो, आणि पहिल्या वर्षीचे गुण पाहून त्याला अभियांत्रिकीची दुसरी पदवी जोडून मिळते, म्हणजे पाच वर्षांत गणित आणि संगणक किंवा विद्युत अशी दुहेरी कमाई. व्यवहारदृष्ट्या ही योजना यशस्वी आहे यात शंका नाही. मात्र तिच्यात गणित कित्येकदा देवडीवरच राहते आणि दिवाणखान्यात संगणक जाऊन बसतो.

पुण्याच्या आयसरचे स्वरूप याहून वेगळे, आणि माझ्या मते अधिक विचारपूर्वक ठरवलेले आहे. तेथे विद्यार्थी गणिताला म्हणून दाखल होतच नाही. तो विज्ञानाला दाखल होतो. पहिल्या टप्प्यात गणित, भौतिकी, रसायन आणि जीवशास्त्र हे चारही विषय सर्वांना, पुढे निवडीला मोकळीक, आणि पाचवे वर्ष बहुतांशी एका प्रबंधाला दिलेले. सतराव्या वर्षी मुलाला आपण गणितज्ञ होणार की जीवशास्त्रज्ञ हे सांगता येत नाही, हे गृहीत धरून केलेली ही रचना आहे. तिचा तोटाही उघड आहे : ज्याचे गणित अगोदरच ठरलेले आहे त्याला जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत घालवलेले तास जाचतात. पण शुद्ध गणिताच्या विद्यार्थ्याने सूक्ष्मदर्शकातून एकदा तरी पाहावे, त्याचे काही बिघडत नाही, असा माझा जुना ग्रह आहे. कालिन्याच्या केंद्राची शक्ती निराळी. टाटा मूलभूत संशोधन संस्था, भाभा अणुसंशोधन केंद्र, आय.आय.टी. आणि मुंबई विद्यापीठ ही सारी एकाच शहरात असल्यामुळे तेथील संशोधक येऊन शिकवू शकतात, आणि पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलाला काम करणारा गणितज्ञ समोर दिसतो. भुवनेश्वरची ‘नायसर’ आणि हे केंद्र यांची प्रवेशपरीक्षा ‘नेस्ट’ एकच आहे.

एवढे सांगून झाल्यावर एक अडचणीचे सत्य मांडले पाहिजे. भारतात पदवीच्या पातळीवर गणिताचे सर्वांत कसदार शिक्षण कोठे मिळते असे जाणकारांना विचारले तर जी दोन नावे हमखास पुढे येतील, ती भारतीय सांख्यिकी संस्था आणि चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, त्या दोघींनीही पदव्या विभक्तच ठेवल्या आहेत. सांख्यिकी संस्थेच्या बंगळूर केंद्रात तीन वर्षांची बी.मॅथ. आणि तिच्यापुढे निराळी एम.मॅथ.; चेन्नईत १९९८ पासून चालत आलेली गणित व संगणकशास्त्र यांची तीन वर्षांची बी.एस्सी. आणि तिच्यापुढे निराळी एम.एस्सी. तिसऱ्या वर्षाअखेर येथील विद्यार्थी ज्या ठिकाणी पोहोचलेला असतो तेथे आपल्या विद्यापीठांचा पदव्युत्तर विद्यार्थी बहुधा शेवटच्या सत्रात पोहोचतो. तेव्हा गणित खोलवर शिकवण्यासाठी पदव्या जोडाव्याच लागतात हा सिद्धांत टिकत नाही. लागतात ते जाणते अध्यापक, पहिल्या दिवसापासून सिद्धतेचा आग्रह, आणि तीन वर्षे गणितालाच दिलेला वेळ. या तिन्ही गोष्टी नसल्या तर पाच वर्षांचा अभ्यासक्रम म्हणजे त्याच उणिवांची पाच वर्षे.

आणि सांधा ठेवण्यात एक लाभ आहे, ज्याची मोजदाद सलग अभ्यासक्रमाचे पुरस्कर्ते करीत नाहीत. एम.एस्सी.चा प्रवेश हे गणिताचे दुसरे दार आहे. बारावीला ज्याला आयसर हा शब्दही ठाऊक नव्हता, ज्याच्या तालुक्याच्या महाविद्यालयात गणिताचा एकच शिक्षक होता, किंवा ज्या मुलीला घरच्यांनी परगावी पाठवण्याची मंजुरी तीन वर्षांनी दिली, त्यांना वयाच्या विसाव्या-एकविसाव्या वर्षी पुन्हा एकदा संधी मिळते ती या दारातून. एस. कुमारेसन यांनी १९९३ साली सुरू केलेली एम.टी.टी.एस. ही उन्हाळी शिबिरे, ज्यांना राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाने पैसा पुरवला, त्यांचे सारे सामर्थ्य अशाच विद्यार्थ्यांत होते : साध्या महाविद्यालयातून आलेल्या मुलाला चार आठवडे प्रश्नांच्या माऱ्याखाली ठेवायचे आणि व्याख्या स्वतःच्या शब्दांत सांगावयास लावायचे. त्यांतून निघालेली मुले आज देशभरच्या गणितविभागांत शिकवत आहेत. दार बंद करून केवळ सतराव्या वर्षीच्या निवडीवर सर्व मदार ठेवली तर ही मुले बाहेर राहतात. उलट दिशेचे दारही तितकेच आवश्यक. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात दाखल झालेल्या ज्या विद्यार्थ्याला तिसऱ्या वर्षी उमगते की हे आपले क्षेत्र नव्हे, त्याला पूर्वी रिकाम्या हाताने परतावे लागे किंवा ओढूनताणून शेवटपर्यंत जावे लागे. अलीकडे काही संस्थांनी चौथ्या वर्षाअखेर बी.एस. घेऊन बाहेर पडण्याची मुभा दिली ती स्वागतार्ह आहे.

पदव्युत्तर पदवीवाचून झालेल्या गणितज्ञांची उदाहरणे या चर्चेत हटकून पुढे केली जातात. दामोदर धर्मानंद कोसंबी या गोव्याच्या पंडिताकडे हार्वर्डची १९२९ ची पहिली पदवीच काय ती होती; देवळालीच्या शाळेत मुलांना शिकवणाऱ्या दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांकडे बी.एस्सी.च होती, आणि ६१७४ या संख्येला त्यांचे नाव मिळण्यास तिची आडकाठी झाली नाही. ही उदाहरणे खरी आहेत आणि मनाला उभारी देणारीही आहेत, पण शिक्षणाच्या रचनेविषयी त्यांतून काही निष्पन्न होत नाही. कोसंबींना अध्यापनाची जागा मिळाली त्या काळी नेमणुकीच्या अर्जात नेटचा क्रमांक मागितला जात नव्हता. आजच्या विद्यार्थ्याला तो मागितला जातो, आणि म्हणून पदव्युत्तर दाखला त्याला टाळता येत नाही.

राहता राहिले नवे धोरण. त्यानुसार तीन वर्षांच्या पदवीनंतर दोन वर्षांची, चार वर्षांच्या ऑनर्स पदवीनंतर एक वर्षाची आणि जोडीला पाच वर्षांची अखंड, अशा तिन्ही वाटा एकाच मुक्कामाला नेतात. शिवाय चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के गुण असतील तर २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला थेट अर्ज करता येतो. कागदावर हा आराखडा सुबक आहे. दिल्ली विद्यापीठाने २०१३ साली चार वर्षांची पदवी घाईने आणली आणि वर्षभरात मागे घेतली, त्या फजितीपासून नियोजकांनी काही धडा घेतलेला दिसतो. महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांनी २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांनी २०२४-२५ पासून ही रचना स्वीकारली. परंतु पहिल्या दोन वर्षांत गणिताच्या वाट्याला आलेले तास इतर विषय, कौशल्यविषय, भाषा आणि मूल्यशिक्षण यांत विभागले गेले आहेत, आणि त्यामुळे जो पाया पूर्वी तीन वर्षांत पुरा होत नव्हता तो आता चौथ्या वर्षावर ढकलला जाण्याचे भय आहे.

गणितापुरते बोलायचे तर सारे यशापयश या चौथ्या वर्षावर अवलंबून राहील. ते जर जुन्या एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचीच नक्कल झाले, तर चार-अधिक-एक आणि तीन-अधिक-दोन यांत नावाखेरीज फरक उरणार नाही. ते जर संशोधनाच्या नावाखाली एखाद्या उसन्या प्रकल्पात गेले, तर त्यानंतरच्या एका वर्षाच्या एम.एस्सी.त मापनसिद्धांत आणि बीजगणितीय संस्थितीशास्त्र कोणी आणि केव्हा शिकवायचे हा पेच उभा राहील. प्रत्येक महाविद्यालयाने स्वतंत्रपणे चौथे वर्ष चालवण्याचा हट्ट न धरता, जिल्ह्यातील चार-पाच महाविद्यालयांनी मिळून एका ठिकाणी तो वर्ग भरवावा, अध्यापक आळीपाळीने पाठवावेत, आणि त्या वर्गाच्या किमान काही जागा बाहेरून येणाऱ्या तीन वर्षांच्या पदवीधरांसाठी राखून ठेवाव्यात, अशी एक सूचना येथे करावीशी वाटते; क्रेडिट एका संस्थेतून दुसरीकडे नेण्याची कायदेशीर सोय २०२१ पासून झालेलीच आहे, तेव्हा या बाबतीत नियमांची हरकत उरलेली नाही, हरकत असलीच तर ती महाविद्यालयांच्या परस्परांतील मानापमानाची आहे.